बिनछताची गाडी आणि माझे भिशीचे पैसे

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे बाईंनी चौथीपर्यंत शिकवलं असेलही, पण पाचवीच्या वर्षी मी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले, आणि ते शिकणं तिथेच थांबलं. त्यात इतकी वर्षं हाताला सवय रेक्झिनवर खडूने रेघ ओढायची. पेन धरलं तरी हात तसाच मोठा फिरतो, एका ओळीत चार शब्द मावतात आणि ओळ उताराला लागते. माझी भाची मला दिवाळी अंक वाचायला देते. त्यात कोणी कंडक्टर, कोणी नर्स आपापल्या कामाबद्दल लिहितात. ते वाचून मलाही लिहावंसं वाटलं. हे कुठे पाठवणार नाही, कपाटात साड्यांखाली ठेवीन. कोणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात.

मी उल्हासनगरला कॅम्पात किशनशेठच्या दुकानात गाडीच्या सीटांची कव्हरं शिवते. लोकांना वाटतं, उशीचा अभ्रा शिवावा तसं असेल. तसं नाही. सीटला खांदे असतात, कंबर असते, मांडी असते. आधी जुनं कव्हर उसवून त्याचा फर्मा काढायचा, म्हणजे कागदावर माप. मग रेक्झिन कापायचं, आतून फोम लावायचा, उलट्या बाजूने शिवायचं आणि शेवटी सुलटं करून सीटवर चढवायचं. ब्लाउज शिवण्यासारखंच काम आहे. फक्त माप देताना सीट श्वास रोखून धरत नाही, म्हणून बसतं बरोबर.

गिऱ्हाइकं मात्र एकेक असतात. एका गृहस्थाने नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही, त्यावरच आमचं कव्हर घालून घेतलं. कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यावर टर्किश टॉवेल. त्या गाडीची खरी सीट कोणत्या रंगाची आहे हे त्यांच्या घरात कोणालाच माहीत नाही. दुसरे एक पुढारी होते. त्यांनी डोक्यामागच्या उशीवर पक्षाची निशाणी भरून घेतली. पक्ष बदलला, तशी गाडी आली. उसवून दुसरी निशाणी भरली. मग ते परत पहिल्या पक्षात गेले. तेव्हापासून शेठ त्यांना निशाणी काढता-लावता येणाऱ्या चिकटपट्टीवर करून देतो.

हे सगळे लोक दुकानात येऊन शेठशी बोलतात, माझ्याशी नाही, आणि मला तेच बरं. मला माणसाच्या तोंडाकडे बघून बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. शेअर रिक्षात बसले तर "इथे थांबवा" एवढंही तोंडातून निघत नाही. दुसरं कोणी उतरेल तिथे उतरते आणि मागे चालत येते. शिरगावातले निम्मे रस्ते मला त्यामुळेच पाठ आहेत.

तर समीर आमच्याकडे आला तो असा. तिशीचा, गोल चेहऱ्याचा, हातात गाडीचा फोटो. अंबरनाथला एमआयडीसीत त्याच्या वडिलांचा नट-बोल्टचा कारखाना होता, तो बंद पडला. रिकाम्या गाळ्यात हा स्वतःच्या हाताने शर्यतीसारखी गाडी बांधत होता. दोनच सीट, आणि दुनियेतली सगळ्यात हलकी गाडी करायची असं त्याने डोक्यात घेतलं होतं. सीट आमच्याकडून हव्या होत्या, पैसे नंतर देणार होता.

किशनशेठने फोटो उलटसुलट करून पाहिला. "साईं, इसमें छत नहीं है, डिकी नहीं है, पीछे की सीट नहीं है, और आप बोलते हो पैसा भी अभी नहीं है. फिर है क्या?"

"वजन कम है, शेठ."

"आपका काम किया तो मेरे गल्ले का भी वजन कम हो जाएगा," शेठ म्हणाला आणि फोटो परत दिला.

दुकान सुटल्यावर समीर बाहेर उभाच होता. "मावशी, रविवारी गाळ्यावर येऊन शिवाल का? मजुरी देईन." मला नाही म्हणता येत नाही. तेही तोंडाकडे बघूनच म्हणावं लागतं ना.

मी रविवारी अंबरनाथला जाऊ लागले. गाडी म्हणजे तेव्हा नुसता नळ्यांचा सांगाडा होता, घर बांधताना बांबूची परांची असते तसा. समीर भंगारवाल्याचा काटा टांगून प्रत्येक वस्तू तोलायचा. फोम तोलला, स्क्रू तोलले, माझ्या दोऱ्याचं रीळसुद्धा तोललं. एका हातात काट्याची दोरी आणि दुसऱ्या हातात वडापाव. माप त्याने एका सडपातळ मित्राचं दिलं होतं. अशा गाड्या चालवणारी माणसं बारीकच असतात, म्हणाला.

"मग तुम्ही?" मी जमिनीकडे बघत विचारलं.

"मी होईन बारीक."

सीटच्या दोन्ही बाजूंना त्याला उंच गाद्या हव्या होत्या, वळणावर माणूस जागचा हलता कामा नये म्हणून. त्या केल्या. पण पायपिंग नको म्हणाला. पायपिंग म्हणजे शिवणीच्या कडेने जो जाड गोट असतो तो. त्याने वजन वाढतं, म्हणाला. मी हो म्हणाले आणि पायपिंग घातली. लाजाळू माणसाला वाद घालता येत नाही, म्हणून तो गुपचूप आपल्याला हवं ते करून मोकळा होतो.

काम करताना तो पुष्कळ बोलायचा, मी ऐकायची. लहानपणी त्याने वडिलांच्या कारखान्यावर ठिय्या पाहिला होता. पगार थकला म्हणून कामगार गेटसमोर बसून राहिले आणि वडील रोज मागच्या भिंतीवरून उडी मारून घरी यायचे. "घोषणा देणाऱ्यांचं काही वाटत नाही, मावशी," तो म्हणायचा. "ते दमतात. हाताची घडी घालून गप्प बसतात ना, त्यांची मला अजून भीती वाटते."

आता पैशांचं सांगते. आमच्या शिरगावच्या बायकांची भिशी आहे. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम घालायची आणि एकीने सगळी उचलायची. त्या महिन्यात माझा नंबर होता. मला त्यातून स्वतःची मशीन घ्यायची होती, जाड चामडं वरून-खालून दोन्हीकडून ओढणारी. कॅम्पातला एक कारखानदार धंदा बंद करत होता, त्याने ती महिनाअखेरपर्यंत माझ्यासाठी ठेवली होती. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. ती मशीन घरात आली की मी घरबसल्या काम घेणार होते.

भिशी मिळाली तो रविवारच होता. पिशवीत पैसे घेऊनच मी गाळ्यावर गेले. तिथे चामड्याचा व्यापारी चामडं उलगडून बसला होता. गुळाच्या रंगाचं, हात फिरवला तर गार आणि मऊ. आयुष्यभर मी रेक्झिन शिवलं, तसं चामडं कधी हातात आलं नव्हतं. समीर मोबाईलवरून पैसे पाठवत होता आणि ते जात नव्हते. खात्यात नसतील तर जातील कसे? व्यापाऱ्याने चामडं गुंडाळायला घेतलं.

कोणी मागितले नव्हते. मीच पिशवी उघडली. त्या चामड्यावर दुसरी कोणी सुई घालेल हे मला बघवलं नाही, एवढंच खरं कारण. समीर म्हणाला, "मावशी, पंधरा दिवसांत देतो."

पंधरा दिवस झाले, मग आणखी एक रविवार. दर वेळी मी मागायचं ठरवून जायची आणि चहा पिऊन परत यायची. घरी आमचे हे विचारायचे, "मागितलेस?" मी म्हणायची, "आज तो कामात होता." हे पेपर खाली न करता म्हणायचे, "तू मागणार म्हणजे गाडीला छत येणार." मशीनवाल्याचा फोन आला की मी तो वाजू द्यायची, उचलायची नाही. महिना संपत आला होता.

आणि त्याच शेवटच्या रविवारी सकाळी समीरचा फोन. "मावशी, आज प्रदर्शन आहे. सीटची एक शिवण सुटलीय. सुई-दोरा घेऊन या, पाया पडतो." मी मनाशी म्हटलं, आज मागायचेच. सुई, मेणाचा दोरा आणि दाभण घेऊन निघाले. रिक्षातून अर्थातच पुढच्या चौकात उतरले.

मोटारींचं प्रदर्शन म्हटल्यावर मला वाटलं होतं काय असेल काय नाही. ते बदलापुरात एका लग्नाच्या लॉनवर होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची झुंबरं, झालर सगळं तसंच. बाकीच्या गाड्या जेवणाच्या मांडवात ओळीने उभ्या, आणि समीरची गाडी स्टेजवर, नवरा-नवरी बसतात बरोबर तिथे. लाल मखमलीच्या दोन खुर्च्या बाजूला सारलेल्या होत्या.

पुरी झालेली गाडी मी पहिल्यांदा पाहिली. कैरीच्या सालीसारखा हिरवा रंग. उंची माझ्या कमरेएवढी. दार नाही, कडेवरून पाय टाकून आत जायचं. समीरने एका हाताने मागचा भाग जरासा उचलून दाखवला, पाळणा हलवावा तसा. मला वाटलं, हे वाऱ्याने उडालं तर? पण आत माझ्या दोन सीट होत्या, गुळाच्या रंगाच्या, आणि त्यांच्या कडेने माझी पायपिंग अशी वळली होती की बाकी गाडी मला दिसेनाच. खरं सांगायचं तर गाडी दिसायला सुंदर होती ती सीटमुळे. हे मी कुठे बोलले नाही, इथे लिहिते.

सुटलेली शिवण चालवणाऱ्याच्या सीटला होती, आतल्या बाजूने, मांडीखाली. बाहेरून हात पोचेना. मी इकडे तिकडे पाहिलं. लोक अजून आले नव्हते. साडी सावरली, कडेवर बसले, एक पाय आत टाकला, दुसरा टाकला आणि घसरत गेले ती थेट सीटमध्ये. समोर स्टिअरिंग पोटाला टेकलं. मी वाकडी होऊन दाभणाने शिवण पक्की केली. टाका असा बसला की सुटली होती हे सांगूनही कळू नये.

मग उठायला गेले, तर उठता येईना. दोन्ही बाजूंच्या उंच गाद्यांनी मला धरून ठेवलं होतं. वळणावर माणूस हलता कामा नये, असं समीर म्हणाला होता. माणूस हलत नव्हता.

तेवढ्यात लोक स्टेजवर यायला लागले. सवयच तशी. डाव्या जिन्याने चढायचे, गाडीशेजारी उभं राहून फोटो काढायचा, उजव्या जिन्याने उतरायचं. एका बाईंनी तर पर्समधून पाकीट काढलं आणि मग परत ठेवलं. मी मान खाली घालून बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला कोणाचंच तोंड दिसत नाहीये. गाडी इतकी खाली की समोर नुसती पोटं आणि पट्टे. रेक्झिनचा पट्टा, कापडी पट्टा, पितळी बकल, एक पायजम्याची नाडी.

पितळी बकलने विचारलं, "मॅडम, मायलेज किती देते?"

"मला माहीत नाही. मी सीट शिवली." माझाच आवाज ऐकून मी दचकले.

"कम्फर्टेबल आहे का?"

"आत जायला आहे."

एका साडीच्या निऱ्यांनी विचारलं, "अहो, पण मुलं कुठे बसणार?"

"मुलं शाळेत गेली की फिरायची गाडी आहे ही," मी म्हणाले. निऱ्या हसल्या. मलाही हसू आलं. आयुष्यात मी एवढ्या अनोळखी माणसांशी एका दमात बोलले नव्हते. तोंडं नसली की माणसं किती सोपी असतात.

मग एक ओळखीचा पट्टा आला. समीरचा. रेक्झिनचा, चिरा पडलेला, आणि आतल्या बाजूला खिळ्याने पाडलेली नवीन भोकं, एकापुढे एक तीन. मला वडापाव आठवला. पोरगा खरंच बारीक झाला होता, पण त्याच्या काट्याने नाही, काळजीने. मला वाईट वाटलं. तरीही, समोर तोंड नव्हतं म्हणून असेल, मी त्या पट्ट्याला म्हणाले, "अरे समीर, माझ्या पैशांचं काय झालं?"

पट्टा एक पाऊल जवळ आला. मग हळूच म्हणाला, "मावशी, इथे नको. तुम्ही आधी उतरा, मग बोलू. फोटोवाले आलेत."

मी कडेवर दोन्ही हात ठेवले, जोर लावला, चार बोटं वर आले आणि परत खाली बसले. आता एवढ्या लोकांत माझी कंबर अडकली आहे हे कसं सांगायचं? मेले असते पण सांगितलं नसतं. लाजेने मी हाताची घडी घातली आणि समोर बघत बसले.

समीरचा पट्टा एक पाऊल मागे सरकला. "मावशी, ठिय्या नका देऊ हो."

मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

"मावशी, तुम्ही गप्प बसू नका. ओरडा पाहिजे तर."

पायजम्याच्या नाडीने मागे वळून कोणाला तरी सांगितलं, "बाईंचे पैसे दिले नाहीत वाटतं." झालं, बातमी स्टेजभर गेली. कंपन्यांचे संप पाहिलेल्या बदलापूर-अंबरनाथच्या माणसाला एवढं पुरतं. एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी स्टेजवर मांडी घालून बसले. तेव्हा मला पहिल्यांदा कोणाचा तरी चेहरा दिसला. "बसतो तुमच्याबरोबर," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षं कंपनीत काढली, सवय आहे. मागे हटायचं नाही, ताई." हटता येत असतं तर मी कधीच हटले असते. कोणीतरी मला चहाही आणून दिला. समीर जिन्यापाशी येरझाऱ्या घालत होता.

एवढ्यात एक चांगला, खऱ्या चामड्याचा, दुहेरी शिलाईचा पट्टा पुढे आला. कुळगावचे एक अण्णा, जमीन विकून पैसे आलेले. त्यांना स्टेजवरच्या तंट्याची काही खबर नव्हती, ते मांडवातून गाडीकडे नुसते बघत होते.

"काय गो बाय," ते म्हणाले, "मी मगाधरनं बघतंय, तू काय उतराची नाय. येवढी बरी हाय का सीट?"

"चामडं एक नंबर आहे," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. "टाका तुटला तर मी जबाबदार."

अण्णांनी समीरला हाक मारली. "ये पोरा. दुसरी अशीच बनव माझ्यासाठी. जी गाडी सोडून माणूस उतरत नाय ती गाडी चांगलीच असल. सीट हिच्याकडनंच शिवायची." आणि नोटांची गड्डी काढून त्याच्या हातावर ठेवली, पावतीसुद्धा मागितली नाही.

समीर वाकला, इतका की पहिल्यांदा त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. मी लगेच खाली बघितलं. त्याने सगळी गड्डी माझ्या मांडीवर ठेवली. "मावशी, जवळजवळ सगळे आहेत. थोडे राहिलेत, ते घरी आणून देतो. आता तरी उतरा."

मी पैसे पिशवीत घातले, पिशवीची चेन लावली आणि स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "हे निघतं का रे?"

ते निघत होतं. त्याने कळ ओढून स्टिअरिंग काढलं, दोन बायकांनी मला काखेत धरून वर ओढलं आणि मी सुटले तेव्हा गादीचा असा आवाज आला की सगळ्यांना सगळं कळलं. समीर स्टिअरिंग हातात धरून तसाच उभा राहिला.

"मावशी, तुम्ही अडकला होतात?"

मी मान हलवली. तो नवरीच्या लाल खुर्चीत बसला आणि हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला धाकधूक, आता पैसे परत मागतो की काय. पण त्याने मागितले नाहीत. ते म्हातारे गृहस्थ अजून मांडी घालूनच होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा समीरकडे.

"मग मी कशाला बसलोय?" ते म्हणाले, आणि त्यांनाही उठायला दोघांनी हात द्यावा लागला.

संध्याकाळी मी परस्पर कॅम्पात जाऊन मशीन ठरवून आले. थोडे पैसे कमी होते, पण मालक म्हणाला, तुमचं काम मला माहीत आहे, पुढच्या महिन्यात द्या. टेम्पोतून मशीन घरी उतरवली तेव्हा आमचे हे पेपर बाजूला ठेवून बाहेर आले. एक टोक त्यांनी धरलं.

पुढच्या महिन्यात समीर शिरगावला घरी आला, उरलेले पैसे घेऊन. चांगला पट्टा घातला होता. मशीन बघितली, खाली वाकून तिचा पाय हलवून बघितला, अण्णांच्या सीटचं माप दिलं आणि माझ्या हातात पाकीट ठेवलं. यांनी त्याला खुर्ची दिली. मी पाकीट उघडून मोजले. पाचशे कमी होते. चुकूनच झालं असणार. तो समोर बसून हसत होता, सरळ माझ्या तोंडाकडे बघत, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.

मी चहा ठेवायला म्हणून आत गेले. स्वयंपाकघराच्या दाराला आमच्याकडे पडदा आहे. पडद्यामागे उभी राहिले, गॅस पेटवला आणि तिथूनच म्हणाले, "समीर, त्यात पाचशे कमी आहेत."

बाहेर खुर्ची सरकली, आणि पडद्याच्या कडेने एक हात आत आला, त्यात पाचशेची नोट.

मी ती घेतली. चहात साखर जरा जास्तच टाकली. पैसे पुरे झाले.